रिकामा ठोका

दादाने हातोडी ऐरणीवर रिकामी वाजवली आणि माझा घण हवेतच थांबला.

आम्ही घिसाडी. आमच्या कामात बोलायला सवड नसते. लोखंड लाल आहे तोवर काय ते उरकून घ्यायचं. बाप्या बसून सांडशीत फाळ धरतो आणि हातातल्या लहान हातोडीने ठोका देऊन दाखवतो, कुठे मारायचं आणि कधी. बाई उभी राहून नेमका तिथे घण घालते. घण जड, हातोडी हलकी, पण हुकूम हातोडीचा. थांबवायचं असलं की हातोडी लोखंड सोडून नुसत्या ऐरणीवर वाजते, टणटण. तो आवाज कानाआधी हात ओळखतात. मला झोपेत कोणी ऐकवला तरी माझे खांदे आवळतील.

“काय झालं?” मी विचारलं.

“दोन घण बाजूला पडले. ध्यान कुठं हाय तुझं?”

ध्यान छातीत होतं. तिथे पुन्हा तेच सुरू झालं होतं. आधी एक ठोका चुकायचा आणि मग दावं तोडून जनावर उधळावं तशी छाती उधळायची. बोटं थंड पडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. पुष्कळदा आपोआप थांबायचं, म्हणून मी कोणाला सांगत नसे. सांगायची चोरीच होती. नवऱ्याने मला याच कारणावरून माहेरी आणून सोडलं होतं. हिची छाती उडते, घण हातातून निसटतो, असं त्याने पंचांपुढे सांगितलं आणि पंचांनाही ते पटलं. आमच्यात बाई गोरी का काळी कोणी बघत नाही, घण उचलते का ते बघतात. दादाने मला ठेवून घेतलं, आणि वहिनी बाळंतपणाला गेल्यापासून घण माझ्याकडे आला. तोही हातातून गेला असता तर मला पालात जागा राहिली नसती. तसं कोणी म्हटलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं.

वैशाखातला बाजार होता. पेरणी तोंडावर आली की सगळ्या पंचक्रोशीला आपले फाळ आणि कुऱ्हाडी एकाच दिवशी आठवतात. पालापुढे माणसं उकिडवी बसली होती, उन्हाने आणि भट्टीने वैतागलेली. त्यातला एक जण म्हणाला, बाईला दमा आहे का काय, दुसरी आण की जालिंदर.

 दादाने सांडशीतला लाल फाळ उचलला आणि त्या माणसाच्या मांडीपासून वीतभरावर धरला. धोतराचा काठ पिवळा पडायला लागला. तो माणूस बसल्या जागेवरून मागे सरकत सरकत शेजारच्या भोपळ्यांच्या ढिगात गेला. लोक हसले. मी हसले नाही. दादाच्या नाकावर राग असतो असं आई म्हणायची, पण तो नाकावर कुठला थांबतोय. डोक्यात आला की तसाच हातात उतरायचा, मध्ये थांबा नाही. सोयरिकीच्या बैठकीत त्याने एकदा होणाऱ्या व्याह्याचे दोन दात पाडले होते आणि नंतर स्वतःच रडत बसला होता.

“मार,” तो मला म्हणाला.

मी घण उचलला. वर गेलेला आठवतो, खाली आलेला आठवत नाही. आई नंतर सांगायची की घण माझ्या मागे पडला आणि मी पुढे, ऐरणीच्या अंगावर.

चुलतभाऊ सुदामच्या टेम्पोत घालून त्यांनी मला गावातल्या खाजगी दवाखान्यात नेलं. दादाने मला दोन्ही हातांवर उचलून आत नेताना दारातल्या रांगेतला एक माणूस खांद्याने उडवला. डॉक्टर नाईकवडे म्हणून एक तरुण डॉक्टर तिथे होता. काटकुळा, मनगटं पोरीसारखी, गळ्यातली नळी त्याच्यापेक्षा जड दिसायची. त्याने माझी नाडी धरली आणि लगेच सोडून दिली, कारण मोजण्यासारखं तिथे काही नव्हतं, नुसती थरथर होती. रिबेका सिस्टरने माझ्या छातीला चिकट्या लावल्या, वायरी जोडल्या, आणि उशाशी ठेवलेल्या मशीनच्या पडद्यावर हिरवी रेघ धावू लागली.

दादा त्या रेघेकडे बघत राहिला. का, ते मला ठाऊक होतं. आमचा बाप असाच वायरी लावलेला असताना मोठ्या शहरातल्या दवाखान्यात वारला. तिथे आम्हाला कोणी काही सांगत नव्हतं. शेवटी एका पोऱ्याने पडद्याकडे बोट करून म्हटलं, रेघ सरळ झाली, घेऊन जा आता. माणूस मेलेला त्या रेघेवरून कळतो एवढी एक विद्या दादा तिथून शिकून आला होता. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. आमचा दादा ताकाचं भांडं वाढणाऱ्याच्या डोक्यात घालणारा.

डॉक्टरने पहिल्यांदा मला श्वास कोंडून पोटाला जोर द्यायला लावला. काही झालं नाही. मग सिस्टरने घमेल्यात बर्फाचं पाणी आणलं आणि डॉक्टरने माझं डोकं धरून तोंड त्यात बुडवलं. मी तडफडले. दादा पुढे झाला, त्याला सुदामने धरलं. मग डॉक्टरने जबड्याखाली मानेची शीर चाचपली आणि अंगठ्याने दाबली.

“गळा दाबतोय का तिचा?” दादा म्हणाला.

डॉक्टरने न बघता सांगितलं की नातेवाइकांनी बाहेर थांबावं. दादा हलला नाही. सिस्टर वयाने मोठी, नगरकडची, आवाज शाळामास्तरणीचा. तिने दादाला आणि सुदामला दंडाला धरून खाटेभोवतीच्या कापडी पडद्याबाहेर काढलं आणि आईला बाकावर बसवलं.

मग डॉक्टर माझ्याजवळ स्टूल ओढून बसला. मी मरायला टेकलेली दिसत असेन, तरी तो घाईत बोलला नाही. ते मला आवडलं.

तो म्हणाला की हृदयाच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीकशी गाठ असते. ती ठोका देते आणि बाकीचं सगळं हृदय त्या ठोक्यावर चालतं. मेंदूकडून तिला दोन कासरे आलेले असतात. भीती वाटली, धावलं, की एक कासरा तिला पळवतो. झोपलं, शांत बसलं, की दुसरा आवरतो. मघाशी मान दाबली, थंड पाण्यात तोंड घातलं, ते हा दुसरा कासरा ओढायला.

“म्हणजे ती गाठ हातोडी,” मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. मी श्वास तोडत तोडत त्याला हातोडी आणि घण सांगितले. तो इतका खूश झाला की क्षणभर माझं दुखणं विसरला असावा.

“बरोबर. हातोडी वर, घण खाली, आणि ठोका खाली जायला एकच वाट. तुमच्यात जन्मापासून एक आडवाट जास्त आहे, ताई. ठोका खाली गेला की आडवाटेने पुन्हा वर येतो, पुन्हा खाली जातो. गोल गोल फिरतोय. घण पडतोय, पण हातोडीचं कोणी ऐकत नाही.”

“मग ऐरण रिकामी वाजवा की,” मी म्हटलं. ते म्हणजे काय, हेही मला सांगावं लागलं.

तो हसला. “तेच करायचंय. एक औषध आहे. ते शिरेत गेलं की सगळं थांबेल. सगळं. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटेल, आपण मेलो असं वाटेल. घाबरू नका. दोन-चार श्वास जातील आणि मग हातोडी आपली आपण सुरू होते. तिला सांगावं लागत नाही.”

तो उठून बाहेर गेला. पडद्याआडून मला ऐकू येत होतं. दादाला तो हेच सांगत होता, औषधाने हृदय थोडा वेळ थांबेल, घाबरायचं नाही. पण कागद पुढे केल्याबरोबर दादाचं म्हणणं एकच, कुठे सही करू ते सांगा, ती निळी पडली आहे, बोलत काय बसलात. सही करताना कोण ऐकतो? मोठमोठ्या शिकल्यासवरलेल्यांना विचारून बघा.

सिस्टरने माझा हात सरळ धरला. डॉक्टरने सुई टोचली, औषध एका झटक्यात आत ढकललं आणि मागोमाग पाणी.

पहिल्यांदा घशात गरम वाफ चढली. मग छातीवर खरंच कोणीतरी बसलं. आणि मग आत सामसूम झाली. मी जन्मल्यापासून छातीत काहीतरी वाजतच होतं, ते न वाजणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. बाजार उठल्यावर बाजारतळ जसा पडलेला असतो, तसं. मला ओरडायचं होतं, पण ओरडणारीच कोणी आत उरली नव्हती. नजर मात्र शाबूत होती. ती कापडी पडद्याकडे होती, आणि त्याच्या फटीत दादाचं तोंड होतं.

तो माझ्याकडे बघत नव्हता. तो रेघेकडे बघत होता. रेघ सरळ झाली होती.

त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी नंतर कधी ऐकला नाही आणि ऐकू नये. पडदा कड्यांसकट खाली आला. त्याने डॉक्टरला कॉलरला धरून माझ्यापासून ओढलं, भिंतीवर आपटलं, एक थोबाडीत दिली. चष्मा उडाला. डॉक्टर दोन्ही तळवे पुढे करून सांगत होता, “थांबा, येतंय, आत्ता येतंय.” त्याचं लक्ष अजूनही मशीनकडेच होतं. दादाला वाटलं तो तोंड चुकवतोय.

सुदाम आत घुसला आणि त्याला कोणीच हाताशी मिळेना, म्हणून त्याने मशीन उचललं. वायरी माझ्या छातीवरून कातड्यासकट निघाल्या. मशीन फरशीवर आपटलं, पडदा फुटला, सुदामने त्यावर स्टूल घातलं. सिस्टर त्याला आवरायला गेली तर त्याने तिला ढकललं. ती औषधांच्या कपाटावर पडली, काचा फुटल्या, आणि तिचा हात मनगटातून भलतीकडे वळलेला मी पाहिला. बाहेर आई ऊर बडवत होती. माझं नाव घेऊन बडवत होती.

आणि तेवढ्यात माझ्या छातीत एक ठोका पडला. मग दुसरा. नीट, अंतर ठेवून, शहाण्यासारखे. डॉक्टरने सांगितलं होतं अगदी तसे. पण आता ते दाखवणारी रेघ फरशीवर फुटून पडली होती, आणि खोलीतल्या कोणालाही माझ्याकडे बघायला वेळ नव्हता.

“काय येतंय? काय येतंय?” दादा विचारत होता, आणि विचारता विचारता त्याने मूठ मारली. घिसाड्याची मूठ. ती डॉक्टरच्या छातीत मधोमध बसली.  डॉक्टरचे गुडघे दुमडले आणि तो माझ्या खाटेच्या पायाशी आडवा झाला, डोळे अर्धे उघडे.

दादाचं एवढ्यावर भागलं नाही. कोपऱ्यात सलाईनचा लोखंडी स्टँड होता. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, बूड वर केलं, आणि घण उचलतात तसा डोक्याच्या मागून वर नेला. खाली डॉक्टरचं कपाळ होतं. मी हाक मारायला गेले आणि नुसता वारा निघाला. त्या औषधाने माझा गळा अजून बांधलेला होता. दादा म्हणून दोन अक्षरं, तीही फुटेनात.

उशाशी प्राणवायूचा सिलिंडर उभा होता. त्याची लोखंडी चावी त्याच्या मानेला सुतळीने बांधलेली होती. मी ती ओढली आणि सिलिंडरवर मारली.

टणटण.

स्टँड हवेतच थांबला.

दादाने थांबवला नाही, त्याच्या हातांनी थांबवला. त्याच्या तोंडावरचा राग तसाच होता, फक्त खांदे आवळले होते. मग हळूहळू त्याला कळलं की आवाज कुठून आला. त्याने मान वळवली. मी खाटेवर बसले होते, हातात चावी, छातीतून रक्त निघत होतं आणि मी श्वास घेत होते.

“हौसे,” तो म्हणाला. स्टँड त्याच्या हातातून सुटला आणि लांब जाऊन पडला.

त्याला माझ्याकडे यायचं होतं. पण सिस्टर गुडघ्यांवर सरपटत डॉक्टरपाशी पोचली होती. तिने चांगल्या हाताची दोन बोटं त्याच्या मानेला लावली, कान तोंडाशी नेला.

“नाडी नाही,” ती म्हणाली. “छातीवर फटका बसून थांबलंय.” मग तिने फुटलेल्या मशीनकडे पाहिलं. झटका देऊन हृदय चालू करायचं यंत्र तेच होतं. सुदाम भिंतीला पाठ लावून खाली बसला.

सिस्टरने एका हाताने डॉक्टरच्या छातीवर जोर द्यायचा प्रयत्न केला. दुसरा हात मांडीवर लटकत होता. मग तिने मान वर केली आणि दादाकडे पाहिलं. तिने त्याला शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

“इकडे ये. गुडघे टेक. तळहातावर तळहात ठेव. इथं, मधोमध. आता दाब. दोन इंच खाली गेलं पाहिजे.”

“मी?” दादा म्हणाला.

“मग कोण? ज्या हाताने थांबवलंस त्याच हाताने.”

दादा दाबायला लागला. घाबरलेला माणूस काम करतो तसं, भराभरा, आंधळ्यासारखं. सिस्टर ओरडली की असं नाही, दाबून पूर्ण सोडायचं, रक्ताला परत भरायला वेळ द्यायचा, ठोक्यात यायला पाहिजे. तिने तोंडाने चाल धरून दाखवली, एक, दोन, एक, दोन. दादाच्या कानात ते शिरत नव्हतं. तो “देवा, देवा” म्हणत होता आणि त्याचा हात देवाच्या नावावर धावत होता.

मी सिस्टरची चाल ऐकली. मग खाटेच्या लोखंडी दांड्यावर चावीने तीच वाजवायला लागले. टण. टण. टण. टण. घाईच्या घणापेक्षाही जलद, पण एकसारखी.

तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला दादाचे हात त्यात आले. मला त्याची पाठ दिसत होती. ती पाठ मी लहानपणापासून ओळखते. ती आता डॉक्टरचं काम करत नव्हती, माझं ऐकत होती. मी ठोका द्यायची, त्याचं वजन खाली जायचं, मी हात उचलला की तो सोडायचा. सिस्टर मधूनमधून थांबवून डॉक्टरच्या तोंडात श्वास फुंकत होती. तेव्हा मी दांडा सोडून सिलिंडरवर वाजवायची आणि तो थांबायचा. पुन्हा दांड्यावर आले की पुन्हा सुरू.

एकदा त्याच्या हाताखाली कडकन आवाज झाला. तो चटका बसल्यासारखा मागे झाला.

“बरगडी गेली,” सिस्टर म्हणाली. “जाऊ दे. दाब.”

बाहेर आतापर्यंत अर्धा बाजार जमला होता. दरवाजातून आवाज येत होते, डॉक्टरला मारला, घिसाड्यांनी डॉक्टरला मारला, हे फिरस्ते असलेच. त्याच गावात मागच्या वर्षी एका पुढाऱ्याच्या पोरांनी हाच दवाखाना फोडला होता. तेव्हा त्यांची जात कोणी काढली नव्हती. एक खुर्ची आत येऊन पडली. आणि मग बाजाराच्या बंदोबस्ताचा हवालदार गर्दी फाडत आत आला.

त्याने काय पाहिलं ते मी समजू शकते. खोलीभर काचा, रक्त, हात मोडलेली नर्स, आणि जमिनीवर पडलेल्या डॉक्टरच्या छातीवर चढून एक काळाकभिन्न माणूस त्याला दाबतोय. रेघ सरळ दिसली की माणूस मेला, तसंच हे.

त्याने लाठी उगारली आणि दादाच्या पाठीत घातली.

दादा हलला. त्याचे हात जागचे हलले नाहीत. दुसरी लाठी खांद्यावर बसली, तिसरी मानेखाली. सिस्टर किंचाळत होती, “मारू नका, तो जगवतोय, मारू नका.” पण त्या गोंगाटात तिचं कोण ऐकतो. हवालदार म्हणत होता, सोड, सोड त्याला, आणि प्रत्येक सोडबरोबर लाठी. सदरा फाटला. पाठीवर वळ उठले, वळांवर वळ, मग त्यातून रक्त.

मी थांबले असते तर तो थांबला असता. एवढंच माझ्या हातात होतं. दोन ठोके सिलिंडरवर, आणि दादा मार चुकवून कोपऱ्यात गेला असता. माझा भाऊ होता तो. ज्याने मला कोणी ठेवत नव्हतं तेव्हा ठेवलं तो. लाठ्या पडत होत्या, आणि मी दांड्यावर वाजवत राहिले. टण. टण. टण. त्याने एकदाही माझ्याकडे मान वळवली नाही. लाठी वेगळ्या तालात पडत होती, मी वेगळ्या. तो माझ्या तालात होता.

शेवटी सिस्टर हवालदाराच्या पायांत आडवी पडली तेव्हा त्याला कळलं. तो लाठी घेऊन तसाच उभा राहिला. नंतर त्याने लाठी भिंतीला टेकवली आणि माणसांना बाहेर ढकलायला लागला.

सरकारी रुग्णवाहिका आली तोवर माझ्या बोटांना फोड आले होते. त्यांच्याकडे मशीन होतं. त्यांनी दादाला बाजूला केलं. तो गुडघ्यांवरच राहिला, हात तसेच पुढे, हवेत. डॉक्टरला झटका दिला. त्याचं अंग फरशीवरून उडालं. रेघ नुसती थरथरली. दुसरा झटका. मी चावी हातात धरून बसले होते, आता कुठे वाजवू ते मला कळत नव्हतं.

“आली का?” दादा विचारत होता. त्याला तिकडे बघायचं धैर्य नव्हतं, म्हणून तो मला विचारत होता. “हौसे, आली का रेघ?”

हिरव्या रेघेत एक डोंगर उठला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

“आली,” मी म्हटलं.

तेव्हा दादा फरशीवर पालथा पडला आणि हवालदाराने त्याला बेडी घातली.

डॉक्टर वाचला. खूप दिवस शहरात होता. खटला उभा राहिला तेव्हा तो काठी टेकत साक्षीला आला. आमच्या समाजातली माणसं आधी त्याच्या घरी जाऊन पाया पडून आली होती, केस मागे घ्या म्हणून. मी गेले नव्हते. आईने मला त्यावरून पुष्कळ सुनावलं. पण कोणत्या तोंडाने जायचं? सिस्टरचा हात पुन्हा नीट वळला नाही, तिच्याकडे कोण गेलं होतं?

कोर्टात डॉक्टरला विचारलं की आरोपीने तुमच्यावर हल्ला केला का. तो म्हणाला, “माझं हृदय यानेच बंद पाडलं. आणि गाडी येईपर्यंत यानेच चालवलं. दोन्ही लिहून घ्या. एक लिहून दुसरं गाळू नका.” आमच्या वकिलाला वाटलं आता सुटका होणार. सुटका झाली नाही. दादाला आणि सुदामला शिक्षा झाली, इतरांना होते त्यापेक्षा कमी, पण झाली. दादाने अपील करू दिलं नाही.

डॉक्टरनेच सांगून ठेवल्यामुळे मला मोठ्या दवाखान्यात घेतलं. मांडीच्या शिरेतून तार घालून त्यांनी छातीतली ती आडवाट जाळून टाकली. जागी होते मी. एवढासा चटका बसला. लोखंडाला डाग देतात त्याहून कमी. त्यानंतर माझी छाती कधी उधळली नाही. परत आल्यावर पहिल्या रात्री मी पालात पडून छातीतले ठोके नुसती ऐकत होते आणि मला रडू आलं.

दादा सुटून आला तो पुन्हा वैशाखच होता. पाल त्याच जागी. वहिनी, तिचा पोरगा, आई, सगळे तो काही बोलायची वाट बघत होते.  तो चहा प्याला, सदरा काढून ठेवला. पाठीवरचे वळ पांढरे पडले होते. त्याने भट्टी पेटवली आणि एक फाळ आत सरकवला. मी सवयीने घणाकडे गेले.

घण त्याने आधीच उचलला होता.

मला काही उमजेना. हातोडी बाप्याची, घण बाईचा, हे आमच्यात कोणी शिकवत नाही, ते असतंच. पालापुढे दोघे-तिघे आपली अवजारं घेऊन बसले होते, ते बघत होते. त्यात तो धोतरवालाही होता. दादाने बसायच्या गोणपाटाकडे बोट केलं. हातोडी तिथे ठेवलेली होती.

“बस,” तो म्हणाला.

“लोक हसतील.”

“हसू दे.” मग तो खाली बघून, एवढ्या हळू की फक्त मला ऐकू यावं, म्हणाला, “मारायचं मला कळतं, हौसे. थांबायचं न्हाई कळत. तू वाजव.”

आई काहीतरी म्हणायला तोंड उघडत होती. मग ती भात्यापाशी जाऊन बसली. मी गोणपाटावर बसले, डाव्या हातात सांडशी घेतली, फाळ बाहेर काढून ऐरणीवर ठेवला. तो लाल झाला होता आणि लाल लोखंड कोणासाठी थांबत नाही. मी हातोडी उचलली. पहिला ठोका मी जरा हळूच दिला.